सेवक-नेतृत्व आणि नव्या कार्यकर्त्यांची घडण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या शिबिरांना बचत गटाच्या ताई येतात, वाचनालयाचे चिटणीस येतात, गणेश मंडळाची पोरं येतात, नुकत्याच निवडून आलेल्या ग्रामपंचायत सदस्या येतात. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच निघतात. तोंडी दिलेली उत्तरं चहाबरोबर संपतात, म्हणून ती इथे लिहून ठेवली आहेत. जिथे आम्ही स्वतः चुकलो, तिथे तेही लिहिलं आहे.

सेवक-नेतृत्व म्हणजे नेमकं काय?

आधी लोकांच्या उपयोगी पडायची ओढ, आणि त्या कामातून, लोकांनीच पुढे केलं म्हणून अंगावर आलेली जबाबदारी. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी पद, मग त्या पदाला शोभेल इतकी सेवा, असा उलटा प्रवास आपण रोज पाहतो.

आपल्या भाषेत सेवक शब्दाला तोटा नाही. नगरसेवक, समाजसेवक, आणि परवापरवापर्यंत गावोगावी ग्रामसेवक. पण यापेक्षा चांगला शब्द आपल्याकडे आहे तो म्हणजे कार्यकर्ता. सतरंज्या उचलणाराही कार्यकर्ता आणि चाळीस वर्षं संस्था चालवणाराही कार्यकर्ताच. आम्ही शिबिरात हाच शब्द वापरतो.

खूण विचाराल तर एवढंच बघा: त्या माणसाच्या सहवासात आलेली माणसं वाढली का? पाच वर्षांपूर्वी सभेत दाराशी बसून ऐकणारी बाई आज उभी राहून हिशोब विचारते का? पाच वर्षांनंतरही सगळे "भाऊंना विचारून सांगतो" म्हणत असतील, तर भाऊ कितीही साधे राहत असोत, कितीही राबत असोत, काहीतरी चुकतंय.

ही कल्पना परदेशातून आली ना?

नाव तिकडून आलं. रॉबर्ट ग्रीनलीफ नावाचे गृहस्थ एटी अँड टी या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीत ३८ वर्षं नोकरीला होते. निवृत्तीनंतर, १९७० मध्ये, त्यांनी एक निबंध लिहून हे नाव रूढ केलं. त्यांनी सुचवलेली कसोटी आम्हाला आजही पटते: ज्यांची सेवा केली ती माणसं जास्त शहाणी, मोकळी, स्वतःच्या पायावर उभी राहणारी झाली का, पुढे तीही इतरांच्या सेवेला लागली का, आणि समाजात सगळ्यात खाली राहिलेल्या माणसाचं यातून काय झालं?

पण ही चाल आपल्या मातीत जुनी आहे. गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घ्यायचे. दिवसभर गाव झाडायचं आणि रात्री कीर्तन. त्या कीर्तनातही समोरच्या माणसांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचे. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःसाठी खोली ठेवली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. आपला कोणी शिष्य नाही, असंही सांगून ठेवलं. खराटा हातात घेऊन फोटो काढायला पाच मिनिटं लागतात. पै-पै गोळा करून बांधलेली इमारत दुसऱ्याच्या हाती सोपवायला काय लागत असेल, याचा विचार आम्ही शिबिरात मुलांना करायला सांगतो.

सेवक म्हणजे सगळी कामं मीच करायची का?

हा घोटाळा फार जणांचा होतो. माझाही झाला होता.

मी गावातलं एक छोटं वाचनालय नऊ वर्षं चालवलं. दाराची किल्ली माझ्याकडे, पासबुक माझ्याकडे, देणगीदारांचे नंबर माझ्या फोनमध्ये. सकाळी झाडलोट मी, संध्याकाळी पुस्तकांची देवघेव मी. लोक कौतुक करायचे, आणि खरं सांगायचं तर ते बरं वाटायचं. मग मला कावीळ झाली. दोन महिने अंथरुणाला खिळलो. परत गेलो तेव्हा दाराला तेच कुलूप होतं. फटीतून सरकवलेली वर्तमानपत्रं आत उंबऱ्याशी साचली होती, वरची पिवळी पडली होती. बिल थकलं म्हणून वीज तोडलेली. दोन महिन्यांत किल्ली मागायला माझ्या घरी एकही माणूस आला नव्हता.

रोज येणारी अकरावीतली एक मुलगी होती. तिला विचारलं, "का गं, किल्ली का नाही मागितलीस?" ती म्हणाली, "दादा, तुम्हाला आवडणार नाही असं वाटलं."

नऊ वर्षांत मी वाचक घडवले होते, वाचनालय सांभाळणारा एकही माणूस घडवला नव्हता. त्याच आठवड्यात तीन किल्ल्या करून घेतल्या. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: जे काम एकाच माणसाला येतं, ते काम धोक्यात आहे असं समजायचं आणि महिन्याच्या आत दुसऱ्याला शिकवायचं.

नवी माणसं येतच नाहीत. तरुणांना रस नाही. काय करायचं?

आपण शोधतो कुठे, ते आधी तपासू. बोलका, शिकलेला, गाडी असलेला, शक्यतो आपल्याच भावकीतला. असा तरुण मिळाला नाही की "कोणी येत नाही" म्हणून मोकळे होतो.

जामखेडची गोष्ट इथे सविस्तर सांगावीशी वाटते, कारण नवं नेतृत्व कुठे सापडतं याचं इतकं स्पष्ट उदाहरण आम्हाला दुसरं माहीत नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं १९७० मध्ये तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या दुष्काळी तालुक्यात आलं. वेल्लोरला शिकलेले, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. गावातल्या पुरुषांना एकत्र आणायला त्यांनी व्हॉलीबॉलचं नेट बांधलं. खेळताना वेगवेगळ्या जातींची माणसं एका बाजूला उभी राहू लागली, खेळ संपला की तिथेच बसून बोलू लागली, आणि त्यातून पुढे शेतकरी मंडळं झाली.

गावात आरोग्यसेवा पोचवायची म्हणून त्यांनी आधी शिकलेल्या परिचारिका गावोगावी ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. बाहेरून आलेल्या तरुण मुलीला एकटीला गावात राहणं अवघड, आणि तिच्या सल्ल्यावर सासवांचा विश्वास बसेना. तेव्हा गावातलीच बाई निवडायचं ठरलं, आणि ती गावानं निवडायची. निवडलेल्या बायकांपैकी कित्येकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित होत्या, काही नवऱ्यानं टाकलेल्या. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांनीच पुढे गावातली बाळंतपणं सुखरूप पार पाडली, मुलांची वजनं केली, जुलाब झालेल्या लेकराला मीठ-साखरेचं पाणी पाजायला आयांना शिकवलं.

यातली एक, मुक्ताबाई पोळ, १९८८ मध्ये वॉशिंग्टनला आरोग्य परिषदेत बोलायला उभी राहिली. सभागृहात झुंबरं लखलखत होती. ती म्हणाली की डॉक्टर हे या झुंबरांसारखे आहेत, सुंदर, पण महाग आणि लांब. मग तिनं पिशवीतून दोन साध्या पणत्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावर दुसरी पेटवून दाखवली. झुंबराला हे जमत नाही, एवढंच तिचं म्हणणं होतं.

२००५ नंतर देशभर आशा ताई आल्या. त्यामागे जामखेडसारख्या ठिकाणी जमा झालेला अनुभव होता.

तर पुढच्या वेळी "कोणी येत नाही" असं वाटलं की यादी करा: सभेला येऊन कधीच न बोलणारी माणसं कोण? कार्यक्रम संपल्यावर न सांगता खुर्च्या आत लावणारं पोरगं कोण? अडीअडचणीला वस्तीतल्या बायका कोणाच्या दारात जातात? आमचा अनुभव असा की पुढची माणसं बहुतेक याच यादीत असतात.

न शिकलेल्या माणसाला प्रशिक्षण कसं द्यायचं? आमच्याकडे तज्ज्ञ नाहीत.

जामखेडला या बायका दर आठवड्याला एकत्र यायच्या, एकत्र स्वयंपाक करायच्या, एकत्र जेवायच्या, तिथेच मुक्काम करायच्या. सुरुवातीला एका पंगतीला बसणंच जड गेलं. तेही प्रशिक्षणच होतं. आदल्या आठवड्यात गावात काय झालं ते एकेकीनं सांगायचं आणि त्यावरच शिकणं व्हायचं. एकदाच तीन दिवस कोंडून भाषणं ऐकवण्यापेक्षा दर आठवड्याला थोडं थोडं, काम करता करता शिकणं कितीतरी टिकतं.

तज्ज्ञ लागतात, पण कमी लागतात. ज्याला काल जमलं त्यानं आज दुसऱ्याला सांगावं. नुकतंच शिकलेल्या माणसाला नेमकं कुठे अडतं ते आठवत असतं.

पदं दरवर्षी बदलली तर काम बिघडत नाही का?

थोडं बिघडतं. ते गृहीत धरा.

सप्ताहातली वीणा पाहिली आहे ना? देवळाच्या भिंतीवर पहाऱ्यांचा तक्ता लावलेला असतो. रात्री दोन ते चार अमका, चार ते सहा तमका. नियम दोनच: वीणा जमिनीला टेकवायची नाही आणि नामस्मरण थांबू द्यायचं नाही. पुढचा विणेकरी आला की वीणा आपल्या गळ्यातून काढून त्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. पहाटे चारला, डोळ्यांवर झोप असलेल्या अठरा वर्षांच्या पोराच्या पाया सत्तरीचे बुवा वाकून पडतात. तो पोरगा सुरात कच्चा असतो, झांज मागेपुढे होते. बुवा लगेच निघून जात नाहीत. खांबाला टेकून बसतात, हळूच टाळ धरतात, पोराचा आवाज लागला की मग घोंगडी उचलतात.

पद सोपवायची आम्हाला माहीत असलेली सगळ्यात चांगली पद्धत हीच आहे. बचत गटांतही तेच करता येतं. गटात दहा ते वीस बायका, पंचसूत्री सगळ्यांना पाठ: नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, लेखे. अडतं ते शेवटच्या सूत्रावर. लिहिता येणारी एकटीच असते, मग वर्षानुवर्षं तीच सचिव, आणि हळूहळू गटच तिचा होतो. अशा गटांना आम्ही सांगतो की नव्या सचिवानं तीन बैठका जुनीच्या शेजारी बसून वही पाहायची. पुढच्या तीन बैठका नवीनं लिहायचं आणि जुनीनं फक्त बघायचं. चुकलेली बेरीज तिनं स्वतः शोधेपर्यंत जुनीनं पेन हातात घ्यायचं नाही. हे "पेन हातात घ्यायचं नाही" सगळ्यात कठीण जातं.

सरपंच बाई आहेत, पण कारभार त्यांचे पती बघतात. यात नेतृत्व कसं घडणार?

७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायकांच्या झाल्या. महाराष्ट्रात २०११ मध्ये त्या निम्म्या झाल्या. कायद्यानं खुर्ची दिली, पण खुर्चीत बसायला लागणारी सवय कायदा देऊ शकत नाही. ती द्यायचं काम तुमचं-आमचं आहे.

आम्ही नव्या सदस्यांना भाषण शिकवायला घेत नाही. आधी रोकड वही वाचायला शिकवतो, मग नमुना ८, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही. आपल्याच घराची नोंद त्यात शोधायला लावतो: घर किती फुटांचं लावलंय, कर किती. आकडे कळायला लागले की आवाज आपोआप फुटतो. एका सदस्या ताईंनी पहिल्या वर्षात सभेत एकच वाक्य उच्चारलं होतं: "ही रक्कम कोणत्या तारखेची?" त्या वाक्यानंतर सभेतली बसायची व्यवस्था बदलली. त्यांचे यजमान दारापाशी उभे राहायला लागले आणि पुढे घरी थांबायला लागले.

ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची तरतूद आहे. ती कागदावरच उरकू देऊ नका. तिथे ठरलेला विषय घेऊन बायका ग्रामसभेत दहाजणी एकत्र गेल्या तर कोणालाच एकटं पडायला होत नाही.

आणि पतीराजांना नुसतं झोडपून उपयोग नाही. त्यांनाही काहीतरी काम हवं असतं. पाणलोटाची कामं, शाळेची दुरुस्ती, असलं अंगमेहनतीचं काम त्यांच्याकडे द्या.

नेताच नको, सगळे मिळून ठरवू, असं चालतं का?

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचं गोंड आदिवासींचं गाव आहे. तिथे ग्रामसभेत निर्णय सर्वसहमतीनं होतात. बहुमतानं नाही. एकाचंही मन वळलं नसेल तर विषय पुन्हा घेतात. "मावा नाटे मावा राज", आमच्या गावात आमचं राज्य, ही त्यांची घोषणा. २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क मिळवणाऱ्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक.

म्हणजे तिथे नेतृत्व नाही असं नव्हे. गावातल्याच देवाजी तोफा यांचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे आणि सामाजिक कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी त्या गावासोबत कित्येक वर्षं काम केलं. पण त्यांनी जपलेली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते, ती म्हणजे अभ्यास गट. तिथे बसून विषय समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, वाटेल ते प्रश्न विचारायचे. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. निर्णय फक्त ग्रामसभेत. जाणकाराकडे माहिती असते म्हणून निर्णयही त्याच्या हाती जातो, हा सगळ्या संस्थांचा आजार आहे. मेंढ्यानं त्यावर उपाय शोधला.

वेळ लागतो का? खूप. पण ज्यानं स्वतः हो म्हटलं तो माणूस नंतर पाठ फिरवत नाही.

शाळा-कॉलेजात हे कसं रुजवता येईल?

भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि पुढे साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह चालवलं. मुलं एकत्र राबायची, एकत्र जेवायची, कमवून शिकायची. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. भाऊरावांवर व्याख्यानं होतात, होऊ देत. पण त्या माउलीचं नाव घेतल्याशिवाय आम्ही हा विषय संपवत नाही.

त्या वसतिगृहात वाढलेली मुलं परत येऊन त्याच संस्थेत शिक्षक झाली, आजीव सेवक, म्हणजे आयुष्यभर संस्थेचंच काम करणारी, झाली. बॅरिस्टर पी. जी. पाटील त्यातलेच, पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. "तुला शिकवलं, आता पुढच्याला तू शिकव", ही साखळी तिथे पहिल्यापासून होती.

आज राष्ट्रीय सेवा योजना आहे, १९६९ पासून. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर. प्राध्यापकांना आमची एकच विनंती आहे: शिबिरातला भटारखाना आणि रोजचा हिशोब मुलांच्या हाती द्या. तिसऱ्या दिवशी तांदूळ कमी पडतो, चौथ्या दिवशी भांडण होतं, पाचव्या दिवशी मुलं बसून वाटणी करतात. आचारी लावलात की हे सगळं बुडतं.

रील आणि फ्लेक्समुळे तरुण बिघडले नाहीत का?

आम्हाला तसं वाटत नाही. फोटो यावा असं कुणालाही वाटतं. रक्तदान शिबिराचा निरोप तासाभरात तालुक्यात पोचवणारी हीच मुलं. फक्त वाढदिवसाच्या फ्लेक्सचा खर्च आणि वर्षभरात केलेलं काम, हे दोन आकडे त्यांच्याकडूनच वहीत शेजारी शेजारी लिहून घ्या. बाकी त्यांचं त्यांना कळतं.

नव्या माणसाकडून पैशाचा घोळ झाला तर?

चूक आणि लबाडी वेगळ्या ठेवा. पावती हरवली, बेरीज चुकली, तर ती सभेत मांडायची, दुरुस्त करायची, आणि काम त्याच्याकडेच ठेवायचं. काम काढून घेतलं की तो पुढची चूक लपवतो. लबाडी असेल तर गय नाही, मग तो कितीही कामाचा असो.

दोन्हीवर औषध मात्र एकच. सह्या दोघांच्या, आणि दर महिन्याला जमाखर्च सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचा. फळ्यावर लिहिला तर आणखी चांगलं.

हे नोकरीत, कंपनीत चालेल का?

चालतं. पुण्यात आयटीत काम करणारे आमचे काही जुने शिबिरार्थी सांगतात की टीम लीड झाल्यावर त्यांनी रोजच्या बैठकीत पहिला प्रश्न बदलला. "झालं का?" ऐवजी "कुठे अडलंय?" विचारू लागले. मर्यादाही आहे: कंपनीत वरिष्ठ नेमला जातो, हाताखालची माणसं त्याला बदलू शकत नाहीत. त्यामुळे तिथे हे सगळं वरिष्ठाच्या भल्या मनावर टिकून राहतं.

आम्ही घडवलेली माणसं सोडून जातात, राजकारणात जातात, दुसरी संस्था काढतात. मग काय उपयोग?

वाईट वाटतं. नाही म्हणणार नाही. पण आपल्याकडे शिकलेली मुलगी दुसऱ्या गावात बचत गट उभा करत असेल तर ते काम आपलंच चाललंय. राजकारणात गेलेल्यांशी बोलणं तोडू नका. निवडून आलेल्या माणसाला खरं सांगणारी माणसं फार कमी उरतात. त्यांच्यात तुम्ही राहा.

जुन्यांनी बाजूला कधी व्हायचं, आणि झाल्यावर करायचं काय?

तुमच्याशिवाय एक कार्यक्रम नीट पार पडला की तयारी सुरू करा. तारीख ठरवा आणि सगळ्यांना सांगा, नाहीतर ती पुढे ढकलली जाते. नंतर निदान वर्षभर बैठकीला जायचं नाही. कोणी विचारायला आलं तर उत्तराआधी विचारायचं, "तुला काय वाटतं?" आणि माजी म्हणून वेगळी खुर्ची, वेगळा सत्कार, सल्लागार वगैरे पद घ्यायचं नाही.

करायला भरपूर असतं. बसस्टँडवरून पाहुणा आणायला माणूस लागतो. पुस्तकांना कव्हरं घालायची असतात.

वाचनालयाची किल्ली आता त्या मुलीकडे असते, जिनं तेव्हा ती मागितली नव्हती. तिच्यासोबत आणखी चौघं आहेत. परवा गेलो तर मासिकांची मांडणी खिडकीपासून हलवून आतल्या भिंतीला लावलेली दिसली, खिडकीपाशी लहान मुलांसाठी चटई टाकलेली. नऊ वर्षं मी ती मांडणी उजेडासाठी तिथे ठेवली होती. तोंडावर आलेलं वाक्य गिळलं. पुस्तक बदललं, वहीत सही केली. तिनं तारखेचा शिक्का मारून पुस्तक हातात दिलं आणि म्हणाली, "दादा, पंधरा दिवसांत परत करा हं, मागचं उशिरा आलं होतं."